मामाचं पाणी

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो. गुरुवारी पाणी येणार नाही, सर्वांनी साठा करून ठेवावा. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागते. मुलगा आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करतोय, म्हणजे पंखा फुल सोडून मोबाइलकडे बघतोय. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, जिथे मी कधी जाणार नाही अशा देशातल्या माणसांना त्यांच्या यंत्राचं कुठलं बटण कधी दाबायचं ते समजावून सांगतेय. आयटीत लिहिणाऱ्या बाईचं हेच काम. बरीच वर्षं झाली. यंत्रं बदलली, बटणं बदलली, माझी खुर्ची आणि माझी पाठ मात्र तीच.

बादल्या भरायला हव्यात. उठवत नाही.

गुरुवार आणि कोरडा नळ एकत्र आले की मला एक उन्हाळा आठवतो. ही गोष्ट मी लग्नाकार्यांत, पिकनिकला, ऑफिसच्या बसमध्ये अगदी हातवारे करून सांगत आलेय. आत्याचा आवाज काढते, पप्पांसारखी चष्म्यावरून बघते, लोक पोट धरून हसतात. नवरा तर मी सुरुवात केली की दही आणायला उठतो. आज समोर कोणी नाही. हसवायची ताकदही नाही. तेव्हा जशी होती तशीच सांगून बघते.

त्या वर्षी सगळं पुणं कोबोल शिकत होतं. कॉम्प्युटरमधल्या तारखा बिघडणार आणि जग बंद पडणार अशी बातमी होती, आणि ते बंद पडू नये म्हणून लक्ष्मी रस्त्यावरच्या एका जिन्याखालच्या क्लासात आम्ही पोरंपोरी घामाघूम होऊन बसायचो. पप्पांच्या पिंपरीच्या कारखान्याने मात्र जग बंद पडायची वाट बघितली नव्हती. त्यांनी आधीच निम्म्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. "स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती माझी," पप्पा म्हणायचे. जन्मभर त्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, कारण त्या दिवशी कारखान्यांची वीज बंद. रविवारच्या उपासनेला जाता यावं म्हणून हा माणूस जन्मभर पाळ्या बदलून घेत आला. निवृत्त झाल्यावर सगळेच वार मोकळे झाले आणि पप्पा पायरीवर बसून राहू लागले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, जायचं कुठेच नाही.

आम्ही गुरुवार पेठेत, मिशनच्या कंपाउंडात राहायचो. कौलारू खोल्यांची रांग, मागे मोरी, मोरीपलीकडे हातभर मोकळी जमीन आणि त्यात एक शेवगा. आई मी शाळेत असतानाच गेली होती. घर पप्पांच्या बहिणीच्या, सुवार्ता आत्याच्या ताब्यात होतं. आत्या मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. तिच्या दृष्टीने आम्ही सगळे अजून वॉर्डातच होतो.

अशा घरात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एक पाहुणा पाठवला. घानातल्या कुमासी गावचा, फार्मसी शिकायला आलेला. नाव इमॅन्युएल. "आपलाच मुलगा आहे," पाळकसाहेब म्हणाले. म्हणजे ख्रिस्ती. त्याआधी बिचारा शनिवार पेठेत जागा शोधून आला होता. तिथल्या घरमालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जागा गेली."

"कधी गेली?"

"आत्ताच. आपण बेल वाजवलीत तेव्हा."

हे तो स्वतःच हसत सांगायचा. इंग्रजीत सांगायचा, मधे मधे त्याचं नवं मराठी. मी सगळं मराठीतच लिहितेय. तो उंच, सावकाश बोलणारा, आणि गायला लागला की आमच्या देवळाच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. नाताळात त्याला गायकवृंदात मागे उभं केलं आणि मंडळी धन्य झाली. आफ्रिकेतून असा विश्वासू मुलगा आलाय म्हणून आमच्या घराचाही भाव वधारला. पप्पा तर मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, पंच. रविवारी त्याला शेजारी घेऊन बसायचे, जणू त्यांनीच घडवलेला.

एकदा आत्या मेथी निवडत होती आणि तो शेजारी बसून काड्या वेगळ्या करत होता. म्हणाला, "आत्या, मला घरी कोणी इमॅन्युएल म्हणत नाही. ते शाळेतलं नाव. हजेरीला तेच लागायचं, दुसरं घेतलं की छडी. मी शनिवारी जन्मलो, म्हणून मी क्वामे. आमच्याकडे प्रत्येकाला जन्मवाराचं नाव असतं. ते कोणी द्यावं लागत नाही, माणूस ते घेऊनच येतो."

"मग इथे पेठांना आहे तसं," मी म्हटलं.

त्याला पेठांची नावं समजावून सांगितली तेव्हा तो मेथी टाकून उभाच राहिला. शनिवार, रविवार, मंगळवार, सगळ्या पेठा त्याने माझ्याकडून म्हणून घेतल्या. "तुम्ही पेठांना वारांची नावं ठेवलीत आणि माणसांना नाहीत?"

"माणसांची नावं मिशनने ठेवली," आत्या मेथीतून मान वर न करता म्हणाली. "पेठा त्यांच्या हातात नव्हत्या."

त्या दिवसापासून आत्या त्याला क्वामे म्हणू लागली. पप्पा मात्र इमॅन्युएलच म्हणत राहिले.

मामाबद्दल तो फार बोलायचा. मामाचं नाव क्वाबेना, म्हणजे मंगळवारचा. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. मामाचं घर, मामाची जमीन, मामाचा मान भाच्याला मिळतो, मुलाला नाही.

"मग बाप काय करतो?" आत्याने विचारलं.

"बाप फी भरतो."

"म्हणजे इथल्यासारखंच," पप्पा पेपराआडून म्हणाले.

गुरुवारचीही त्याने एक गंमत सांगितली होती. त्यांच्याकडे जमीन ही बाई, गुरुवारी जन्मलेली. गुरुवारी तिच्या अंगाला कुदळ लावत नाहीत, तिला विश्रांती. पप्पांनी पेपर खाली घेतला. "आमच्याकडे त्या दिवशी एमआयडीसी झोपायची," ते म्हणाले, आणि थोडा वेळ पेपर तसाच मांडीवर राहिला.

मग परीक्षा सुरू झाल्या. रस्त्यावर वाफा निघायच्या, पोरं दुपारी डोक्यावर पुठ्ठ्याचं पॅड धरून चालायची, प्रत्येक घरातून कोणी ना कोणी पुटपुटत असायचं. अशाच एका संध्याकाळी क्वामे कोपऱ्यावरच्या आयएसडी बूथवरून परत आला आणि पायरीवर पप्पांच्या शेजारी बसला. पप्पांना वाटलं, पेपर अवघड गेला.

क्वाबेना मामा गेला होता.

आत्याने पाणी आणून दिलं. त्याने ते प्यायलं नाही, ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला आणि सांगू लागला. मामा मिशनच्या शाळेत शिकला, बाप्तिस्मा झालेला, नोकरीभर टाय लावून देवळात गेला. मग डोकं पिकल्यावर एके दिवशी त्याने अंगणात उभं राहून घरातल्या मेलेल्या माणसांना नावांनी हाका मारल्या आणि जमिनीवर पाणी ओतलं, मग दारू ओतली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मामा म्हणाला, फिरलं होतं, आता जागेवर आलं. तेव्हापासून घरात जन्म असो, मरण असो, परीक्षा असो, मामा ओतायचा. क्वामे पुण्याला निघाला त्या सकाळीही ओतलं होतं.

"आता आई नव्या चर्चमध्ये जाते. तिथे मोठे मोठे लाउडस्पीकर आहेत. त्यांच्या पास्टरने सांगितलंय, अंत्यविधीला जमिनीवर एक थेंबही पडता कामा नये. आई हो म्हणाली. ज्याने सगळ्या घराला दिलं त्याला आता कोणी देणार नाही. दिलं नाही तर तो जाणार नाही. दारात उभा राहील."

"मग तू दे," आत्या म्हणाली. "इथून दे."

"मला कसं चालेल? घरात मोठं माणूस असताना लहानाने ग्लास धरायचा नसतो." त्याने पप्पांकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही द्यायला हवं."

पप्पांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे का ते.

"मी? अरे, मी मंडळीचा पंच आहे."

"पंच म्हणजे वडीलधारेच ना?" क्वामे म्हणाला. "म्हणूनच तर."

तो खरोखर निरागसपणे म्हणाला. त्याच्या डोक्यात सरळ हिशेब होता. ज्याला अख्ख्या देवळाने मोठा मानलाय त्याच्याहून योग्य हात कुठला? पप्पांच्या डोक्यातही सरळ हिशेब होता, फक्त उलट्या बाजूने. ते उठले, "होणार नाही" म्हणाले आणि आत गेले.

क्वामेने हट्ट केला नाही, रागावला नाही. पेपर देत राहिला. पण गाणं थांबलं, ताटातलं अन्न तसंच राहू लागलं, आणि दारातून ये-जा करताना तो अंग चोरून, एका कडेने जाऊ लागला. दारात कोणी उभं असल्यावर आपण जातो तसं. चारेक दिवसांत आत्याही कडेने जायला लागली. मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय? दारात पाहुणा उभा आहे." मग एका दुपारी पप्पा पायरीवरून उठून आत येताना मी पाहिलं. ते उंबऱ्यापाशी थांबले, आणि तेही कडेने आत आले. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी कोबोलच्या पुस्तकात तोंड खुपसलं.

आमच्या घरात एक गोष्ट होती. मंडळीच्या वर्धापनदिनाला पप्पा ती उभं राहून सांगायचे आणि टाळ्या पडायच्या. पप्पांचे आजोबा नगरकडच्या एका गावातले. बाप्तिस्म्याच्या दिवशी गोऱ्या मिशनरी साहेबांच्या समक्ष त्यांनी घरातले देवांचे आणि पूर्वजांचे टाक, ते बोटभर चांदीचे पत्रे, फडक्यात बांधून नदीच्या डोहात टाकले, मागे वळून पाहिलं नाही आणि पाण्यातून दाविद होऊन बाहेर आले. लहानपणी मीही टाळ्या वाजवल्यात. त्या फडक्यात कोण कोण होतं, हे विचारावं असं आमच्या कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

हल्ली मुळांकडे परत जाण्याची हवा आहे. ऑफिसात, ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत कोणीतरी मला प्रेमाने परत बोलावतं. मी थकल्यासारखी हसते. परत म्हणजे नक्की कुठे, गावाबाहेरच ना? कारण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे, जी पप्पा टाळ्यांसाठी सांगत नसत. पणजोबांना स्वतःच्या हाताने पोहरा सोडता आला ती पहिली विहीर मिशनची होती. त्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या घरात मी जन्मले. ते मी थुंकून टाकू शकत नाही, टाकायचंही नाही. पण पाणी देताना आधीची माणसं विसरायला लावणं, ही किंमत होती की नुसता व्यवहारातला उद्धटपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. क्वामेचा मामा हाच प्रश्न घेऊन आमच्या दारात उभा होता, असं आता वाटतं. तेव्हा फक्त ऊन वाटत होतं.

पप्पा कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडे, खोब्रागडे काकांकडे गेले. काका नागपूरकडचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव बाहेर काढले होते. पप्पांना वाटलं असावं, सोडून दिलेलं परत उकरू नये, हे सांगायला याच्यासारखा माणूस नाही. मी पप्पांना मोपेडवर सोडायला गेले होते म्हणून ऐकलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला. "देव सोडले गा आम्ही," ते म्हणाले. "परत आणायचे पण नाहीत. पण बाप कुठं सोडला? बापाचा फोटो हा काय भिंतीवर."

"मला आजोबांपर्यंतच माहीत आहे," पप्पा म्हणाले. "त्याच्या मागे कोरं आहे सगळं."

"मग तुमचा बाप बुडवला साहेबानं. माझा नाही बुडाला."

बुधवारी जेवताना, ताटाकडेच बघत, त्यांनी क्वामेला विचारलं, "ते करताना आपल्या देवाचं काय करायचं?"

"आधी त्यालाच दाखवायचा ग्लास. वर धरून. ओतायचं नाही, त्याला कशाची गरज नाही."

"म्हणजे तो वरच आहे?"

"वरच आहे. आधीपासून होता, पप्पा. गोऱ्यांनी बोटीतून आणलेला नाही."

पप्पांनी ताकाची वाटी संपवली. "इमॅन्युएल, तुझा उद्या पेपर किती वाजता?"

"दुपारी."

"मग सकाळी उरकू."

मामा हॉलंडची जिन वापरायचा, चौकोनी हिरव्या बाटलीतली. ती मूळ गुलामांच्या व्यापाऱ्यांनीच आणलेली, हे क्वामेने सांगितल्यावर आत्या म्हणाली, "शेवटी पूर्वजांनासुद्धा इंपोर्टेडच लागतं." आणायची कोणी? पप्पांनी दारूच्या दुकानात जाणं शक्य नव्हतं, क्वामेला सगळी पेठ ओळखत होती. तेव्हा ज्या स्कार्फने पुण्याच्या पोरी उन्हापासून तोंड झाकतात, त्याने मी तोंड झाकलं आणि कॅम्पात जाऊन देशात बनलेल्या जिनची चपटी घेऊन आले. आयुष्यात इतकी मजा मला क्वचितच आली असेल. दुकानदार म्हणाला, "वडिलांसाठी का?" मी म्हटलं, "पणजोबांसाठी."

गुरुवार उजाडला. नळ कोरडा. क्वामे ग्लास घेऊन पिंपाकडे गेला तशी आत्या आडवी आली.

"पिंपातलं? जमिनीवर ओतायला? आज गुरुवार आहे."

"आत्या, आधी पाणीच लागतं. लांबून आलेल्याला आधी पाणी देतात."

हे तर आत्याचंच शिकवलेलं. तिने त्याच्या हातातून ग्लास घेतला, स्वतः झाकण काढून गाळलेलं पाणी भरलं आणि वर त्याच्यावर ताटली झाकली. "धूळ जाईल," म्हणाली.

शेवग्याखाली आम्ही चौघं. पप्पांनी रविवारचा शर्ट घातला होता, चपला बाजूला काढल्या होत्या, कोणी न सांगता. क्वामेने सांगितलं, प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी होकार भरायचा. पप्पांनी ग्लास वर धरला. लेथवर केसभर फरक न होऊ देणारा हात.

"हे आकाशातल्या बापा, तुला दाखवतो."

"आमेन," आत्या म्हणाली. क्वामेने मान हलवली, चालेल.

"जमीनबाई, आज तुझा वार. हे घे." पाण्याची धार पडली.

"आमेन."

"आता ज्यांच्या जागेत आपण उभे आहोत त्यांना," क्वामे हळूच म्हणाला. "तुमच्या माणसांना आधी बोलवा. मग मामाला त्यांच्या हवाली करा. तो नवखा आहे, त्याला वाट माहीत नाही."

पप्पा म्हणाले, "माझे वडील यशवंत. त्यांचे वडील दाविद." थोडं ओतलं. "दाविदचे वडील…"

आणि थांबले. शेजारच्या घरात रेडिओ चालू होता, कोणीतरी पोर पाढे म्हणत होतं. पप्पांनी आत्याकडे पाहिलं. आत्या थोरली होती, तिला माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. आत्याने मान हलवली, नाही.

"नाव आठवत नसेल तर तसं सांगा," क्वामे म्हणाला. "मामाही सांगायचा. सगळ्यांची कोणाला आठवतात?"

"आठवत नाही असं नाही, बाळा," पप्पा म्हणाले. "आम्हाला सांगितलंच नाही."

मग ते जमिनीशी बोलू लागले. मंडळीपुढे बोलायचा आवाज नव्हता तो. कारखान्याच्या गेटवर उशिरा आलेल्या माणसाशी बोलावं तसा, दमलेला, साधा. "दाविदचे वडील, तुम्ही जे कोणी असाल ते या. तुमचे वडील आणि आई, तेही या. नदीत टाकलेले सगळे या. नावाने बोलावलं नाही म्हणून रागावू नका, आमच्याकडे नावं नाहीत. हा क्वाबेना. आमच्या क्वामेचा मामा. याला घरातलं समजा आणि याला पुढे घेऊन जा."

मी आणि आत्या एकदमच आमेन म्हणालो. क्वामेने त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि तोंडावर हात घेतला. मग चपटी उघडली. जिनचा वास शेवग्याच्या फुलांत मिसळला, आणि पप्पा, ज्यांनी आयुष्यात दारू हुंगली नव्हती, शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश ओतत राहिले. त्या दिवशी पप्पांनी त्याला पहिल्यांदा क्वामे म्हटलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. क्वामेने दोन भाकऱ्या खाल्ल्या, दाराच्या मधोमध चालत बाहेर पडला आणि पेपरला गेला.

कंपाउंडात भिंतींना खिडक्या असतात आणि खिडक्यांना माणसं. रविवारी उपासनेनंतर पप्पांना आत बोलावलं. कमिटी बसली होती. आम्ही तिघं घरी वाट बघत राहिलो. आत्याने तेच ते फडकं दोनदा धुतलं. भर दुपारी पप्पा परत आले, पायरीवर बसले, कॉलरचं बटण काढलं. पंचपद गेलं हे त्यांच्या चालण्यावरूनच कळलं होतं. क्वामे त्यांच्यासमोर उभा राहिला. माफी कशी मागावी हे त्याला सुचत नव्हतं.

"काय म्हणाले?" त्याने शेवटी विचारलं.

"सचिव विचारत होते, त्या दिवशी तिथे कोण कोण आलं होतं."

"मग?"

"म्हटलं, सगळेच आले असावेत," पप्पा म्हणाले, आणि बूट काढायला वाकले. "जमीन बघता बघता कोरडी झाली."